परसबागेतील मोरचूद : मृगापूर्वी की गणपतीनंतर?

चिपळूण तालुक्यातील कोणत्याही गावी श्रावणाच्या उत्तरार्धात जावे आणि घरामागील वाडीत डोकवावे, म्हणजे एक देखावा बहुधा दृष्टीस पडतो. पोफळींच्या बुंध्यांशी कोवळ्या हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडलेला असतो. त्यांतील काहींवर पांढुरक्या बुरशीचा थर चढलेला असतो. आणि घरधनी, पावसाची जराशी उघडीप साधून, बाजारातून आणलेले निळे औषध पंपात भरून फवारणीच्या तयारीत उभा असतो. त्याच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जे काम तो करीत आहे, ते करण्याची वेळ सुमारे अडीच महिन्यांपूर्वीच निघून गेली आहे, हे त्यास कोणीतरी स्पष्टपणे सांगावयास हवे होते. ते आम्ही विस्ताराचे काम करणाऱ्यांनीही पुरेशा जोराने सांगितलेले नाही, ही गोष्ट प्रथमच कबूल करतो.

ताम्रयुक्त औषध हा बागेचा पहारेकरी आहे. त्यास वैद्य समजून त्याच्याकडून वैद्याचे काम करवून घेण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, त्यामुळे पीकही वाचत नाही आणि वाडीतल्या मातीत मात्र दरवर्षी तांब्याची भर पडत राहते. या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच झाला पाहिजे, असे मला वाटते.

शहरातील वाचकास परसबाग म्हटले की गुलाबाच्या चार कुंड्या आठवतील. चिपळूणची परसबाग निराळी. विहिरीच्या आसपास पंधरावीस पोफळी, पाचसहा माड, पोफळीवर चढविलेली मिरवेल, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू आणि केळी, कोपऱ्यात एखादे कागदी लिंबू, मांडवावर पावसाळी काकडी व पडवळ, आणि कुंपणालगत एकदोन कलमे, असा हा संसार असतो. भातशेती पोटाला पुरते न पुरते; पण सुपारी, नारळ आणि मिरी यांचे पैसे घरातील बाईच्या हाती पडतात आणि त्यांवर मुलांच्या वह्यापुस्तकांपासून सणावारापर्यंत बरेच काही निभावते. पोफळ फळावर यावयास पाचसात वर्षे लागतात. तिचा एका मोसमाचा घड गळून पडला तर ते वर्ष गेले; रोग शेंड्यात उतरला तर झाडच गेले. म्हणून या प्रश्नाला हौसेचा प्रश्न म्हणता येत नाही.

पोफळीच्या या रोगास आपण कोळे रोग म्हणतो. हा शब्द कन्नड मुलखातून आलेला आहे; तेथे ‘कोळे’ म्हणजे कुजणे. फळाच्या देठाकडील भागावर प्रथम पाणी मुरल्यासारखे गर्द हिरवे डाग पडतात, फळाची तकाकी जाते, डाग पसरत जातात आणि फळ गळते. ज्या जीवामुळे हे घडते त्याच्या कुळास शास्त्रज्ञ फायटोफ्थोरा म्हणतात. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थच वनस्पतींचा संहारक असा होतो. 1845 साली आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून जो भीषण दुष्काळ पडला, तो याच कुळातील एका जीवाने घडविला. माडाचा कोंब कुजविणारा, मिरवेल पाहता पाहता मारणारा आणि अळवाच्या पानावर तपकिरी वर्तुळे उठविणारा, हे सर्व त्याचेच भाऊबंद. (आजचे शास्त्रज्ञ या कुळाची गणना खऱ्या बुरशीत करीत नाहीत, परंतु बागाईतदाराच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही.)

या कुळाची एक खोड ध्यानात घेतली म्हणजे पुढचे सर्व समजते. त्याच्या बीजाणूंना केसासारखे दोन तंतू असतात व त्यांच्या योगे ते पाण्यात पोहू शकतात. फळावर किंवा पानावर पाण्याचा पातळ थर काही तास टिकला की पोहत जाऊन ते आपली जागा धरतात, अंकुर फोडतात आणि आत शिरतात. जेथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, जेथे आषाढात आठआठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तेथे या पोहणाऱ्या शत्रूस आणखी काय हवे?

तांब्याचे काम या पाण्याच्या थरातच चालते. बोर्डो मिश्रण फळावर पडून सुकले म्हणजे त्याचा निळसर पापुद्रा बनतो. हा पापुद्रा पाण्यात सहजासहजी विरघळत नाही; मात्र पाऊस वा दव पडले की त्यातून अत्यल्प तांबे सुटत राहते आणि अंकुरू पाहणारे बीजाणू तेथेच मरतात. एवढाच या औषधाचा पराक्रम. ते फळाच्या आत शिरत नाही, रसातून फिरत नाही, आत गेलेल्या रोगाचा पाठलाग करीत नाही. म्हणून डाग दिसल्यावर मारलेली फवारणी ही चोर घरात शिरल्यावर बाहेरून कुलूप लावण्यासारखी होय. डागाळलेले फळ तिने बरे होणार नाही. फार तर शेजारचे निरोगी फळ वाचेल, आणि तेही पापुद्रा सुकण्याइतकी उघडीप मिळाली तर.

हे मिश्रण सापडले तेही काहीसे अपघातानेच. फ्रान्समधील बोर्डो शहराच्या परिसरात, मेडॉक परगण्यात, रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना धाक बसावा म्हणून मोरचूद आणि चुना कालवून शिंपडण्याची चाल होती. निळसर डाग पाहून येणाराजाणारा द्राक्षांना हात लावीत नसे. 1882 साली केवडा रोगाने मळेच्या मळे निष्पर्ण झाले असता रस्त्यालगतच्या या वेलींची पाने मात्र टिकून राहिली, ही गोष्ट प्राध्यापक मिलार्डे यांच्या नजरेने टिपली. पुढे रसायनशास्त्रज्ञ गायाँ यांच्या साहाय्याने प्रयोग करून 1885 साली त्यांनी हे मिश्रण प्रसिद्ध केले. आपल्याकडे म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या आरंभी कोळे रोगाचा अभ्यास केला आणि 1910 साली त्यावर आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. पोफळीच्या घडांवर बोर्डो मिश्रण फवारण्याचा जो परिपाठ मलनाडात रुजला, तो त्यांच्या प्रयत्नांनी. शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली, तरी त्या उपायाचा गाभा बदललेला नाही : पहिली फवारणी पाऊस सुरू होण्यापूर्वी.

मग चिपळुणात ती तशी का होत नाही? अज्ञान हे कारण पुष्कळदा सांगितले जाते. मला ते पुरते पटत नाही. माझ्या स्वतःच्या घरच्या वाडीतच काही वर्षांपूर्वी ही चूक झाली, आणि त्या वेळी या विषयावर लोकांना चार शब्द सांगण्याचे काम मी करीतच होतो. मे महिना आंबे उतरविण्यात, लग्नकार्यांत आणि पाहुण्यांत गेला. झाडावर चढणारा गडी आज येतो, उद्या येतो करीत आलाच नाही. मृगाचा पाऊस लागला आणि ‘आता उघडीप मिळाली की करू’ असे म्हणता म्हणता आषाढ संपला. श्रावणात गळ सुरू झाली तेव्हा आम्ही धावाधाव करून दुकानदाराने दिलेली तयार पुडी तीन वेळा फवारली. तीन वेळा पावसाने ती धुऊन नेली. गळ थांबली ती झाडावर गळण्याजोगे फारसे उरले नाही तेव्हा. पुडी निकृष्ट होती असे म्हणून दुकानदारास बोल लावणे त्या वेळी सोपे वाटले होते. परंतु खरा दोष आमच्या पंचांगाचा होता.

याहून मोठे कारण म्हणजे बंद घरे. या तालुक्यातील कित्येक वाड्यांचे मालक मुंबई-पुण्यास नोकरीधंद्यानिमित्त राहतात. चाकरमानी मंडळी वर्षातून दोनदा येतात : एकदा मे महिन्यात आंब्याफणसासाठी आणि दुसऱ्यांदा गणपतीस. मे महिन्यात झाडे हिरवीगार आणि निरोगी दिसतात, तेव्हा औषधाची आठवण होण्याचे कारणच नसते. गणपतीस येऊन पाहावे तो सडा पडलेला. मग जाण्यापूर्वी घाईघाईने फवारणी उरकली जाते व मनाचे समाधान होते. माझी या मंडळींस आग्रहाची विनंती आहे की, गणपतीतील ही फवारणी करूच नये. त्याऐवजी मे महिन्यातील रजेचे शेवटचे दोन दिवस वाडीसाठी राखून ठेवावेत. रोहिणी नक्षत्र लागल्यापासून मृग निघेपर्यंतचा जो पंधरवडा असतो, तोच पोफळीच्या फवारणीचा मुहूर्त. त्या वेळी हवा कोरडी असते, झाडाची साल निसरडी नसते, घरात माणसे असतात. असा योग पुन्हा दिवाळीपर्यंत येत नाही.

यातही एक अडचण उरते. एकाने फवारले आणि कुंपणापलीकडील बंद घराच्या वाडीत गतवर्षीचे कुजके घड शेंड्यातच वाळत राहिले, तर पावसाचे शिंतोडे आणि वारा कुंपण ओळखीत नाहीत. रोगाचे बीज वर्षभर तग धरून राहते ते अशा वाळक्या घडांत आणि खाली पडून राहिलेल्या फळांत. म्हणून औषधाच्या आधी झाडू आणि कोयता यांचे काम आहे. वाळके घड काढून जाळावेत, गळलेली फळे गोळा करून खोल पुरावीत, दाटी झालेल्या फांद्या छाटून वाडीत ऊन-वारा खेळेल असे करावे, आणि पाटाचे तोंड उघडून पाणी तुंबू देऊ नये. हे काम वाडीवाडीने मिळून करावे. ज्या गावात शिमग्याची पालखी घरोघर फिरते, त्या गावास फवारणीचा पंप घरोघर फिरविणे अशक्य का असावे? झाडावर चढणारा गडी एकेकट्या घरास मिळत नाही; पण पन्नास घरांनी मिळून आठ दिवसांचे काम दिले तर तो मिळतो, असा अनुभव आहे. ज्यांची घरे बंद आहेत त्यांनी किल्लीबरोबर दोन शेकड्यांच्या खर्चाची परवानगीही शेजाऱ्याजवळ ठेवून जावी.

आता मिश्रण करण्याविषयी. याची कृती पुष्कळदा छापली गेली आहे. तरीही ती चुकते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जुन्या पत्रिकांत पाच पौंड मोरचूद, पाच पौंड चुना आणि पन्नास गॅलन पाणी असे प्रमाण आढळेल. तेच आजचे एक टक्क्याचे मिश्रण होय. घरगुती वाडीस दहा लिटरांचा हिशेब सोयीचा : शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून पाच लिटर पाण्यात आदल्या रात्री लोंबकळत ठेवावा, म्हणजे सकाळपर्यंत तो आपोआप विरघळतो. चुना दुसऱ्या भांड्यात थोडे थोडे पाणी घालून विरवावा. विरताना तो उकळतो व उडतो, तेव्हा मुलांना दूर ठेवावे व स्वतःचे डोळे सांभाळावेत. तो निवला की पाच लिटरांपर्यंत पाणी वाढवून गाळून घ्यावा. नंतर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत बारीक धारेने, सतत ढवळीत, ओतावे; किंवा दोन माणसांनी दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात सोडावे. दोन्ही द्रावणे थंड असावीत. घट्ट द्रावणे एकत्र करून मागाहून पाणी घालण्याचा आळशी मार्ग पत्करू नये. त्याने मिश्रणाचे कण जाड होतात, ते झाडास नीट चिकटत नाहीत आणि पंपाची तोटी तुंबते. भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची घ्यावीत. लोखंडी बादली किंवा जस्ताचा पत्रा चालत नाही, कारण मोरचूद धातूस खातो.

चांगले साधलेले मिश्रण आकाशासारखे निळे दिसते. तरीही डोळ्यांवर विसंबू नये. घासून स्वच्छ केलेला विळा किंवा सुरी त्यात मिनिटभर बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळा मोरचूद उरला आहे असे समजावे आणि थर येईनासा होईपर्यंत थोडी थोडी चुन्याची निवळी घालीत जावे. ही परीक्षा न करता केलेली फवारणी कोवळी पाने व फळे होरपळवू शकते, आणि मग दोष औषधास दिला जातो. बाजारात जो पिशवीतला भुकटी चुना मिळतो तो आधीच विरलेला असतो. तो घेतल्यास सव्वा ते दीड पट लागतो. जुना, हवेत उघडा पडलेला चुना मात्र निकामी समजावा. मिश्रण ज्या दिवशी केले त्याच दिवशी संपवावे; शिळ्या मिश्रणाचा चिकटपणा जातो. त्यात कोणतेही कीटकनाशक कालवू नये.

हा सर्व खटाटोप ज्यांस जमत नाही त्यांनी कॉपर ऑक्सिक्लोराईडची तयार भुकटी दहा लिटरांस पंचवीस ते तीस ग्रॅम या प्रमाणात वापरण्यास हरकत नाही. परंतु कोकणच्या पावसात घरी केलेला ताजा बोर्डो पापुद्रा अधिक टिकतो, हे माझे मत आहे. पहिल्या फवारणीनंतर सुमारे चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी, आषाढातील उघडीप साधून दुसरी फवारणी करावी. राळ आणि धुण्याचा सोडा उकळून केलेला चिकट द्राव त्यात मिसळला तर ती पावसास अधिक दाद देत नाही. फवारा घडांवर पडला पाहिजे, बुंध्यावर नव्हे. ज्यांच्याकडे पंधरावीसच झाडे आहेत, त्यांनी पावसापूर्वी घडांस खालून मोकळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधण्याचा उपायही करून पाहावा. घडावर पाणीच पडले नाही तर पोहणारा शत्रू पोहणार कोठे? गडी एकदाच चढतो आणि औषधही लागत नाही.

माडाच्या बाबतीत पावसाळ्यात मधल्या कोंबावर लक्ष ठेवावे. न उमललेले मधले पान पिवळे पडून कलले आणि हलक्या हाताने ओढताच दुर्गंधीसह निघून आले, तर कोंब कुजू लागला असे समजावे. येथे मात्र तातडीने केलेला उपाय पुष्कळदा उपयोगी पडतो. सर्व कुजका भाग निरोगी भाग लागेपर्यंत कापून काढावा, जखमेवर बोर्डो मलम (शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना आणि एकच लिटर पाणी) लावावे आणि नवा कोंब फुटेपर्यंत वर पावसाचे पाणी जाणार नाही असे झाकण बांधावे. शेजारच्या माडांच्या शेंड्यांत एक टक्क्याचे मिश्रण फवारावे. आंब्याची छाटणी केल्यावर उघड्या पडलेल्या जखमांस हेच मलम लावतात. मिरवेलीच्या बुंध्याशी मात्र मुख्य उपाय निचऱ्याचा. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी व शिव नद्यांच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, त्याची आठवण कोणी विसरलेला नाही. अशा पुरानंतर वाड्यांत बसलेला गाळ आणि साचलेले पाणी मुळांस गुदमरविते व रोगास वाट करून देते; तेथे आधी कुदळ चालवावी, पंप मागाहून.

आता जेथे मोरचूद वापरू नये त्या जागांविषयी, कारण माझी खरी तक्रार येथे आहे. एकदा निळे पाणी पंपात भरले की ते उरेपर्यंत दिसेल त्या झाडावर मारण्याचा मोह आवरत नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, मिरचीची पाने आखडली, केळीच्या शेंड्यास पानांचा गुच्छ झाला, की मारा तांबे! हे विषाणूंचे रोग. ते मावा, पांढरी माशी अशा किडींमार्फत पसरतात आणि त्यांवर तांब्याचा काडीइतका परिणाम होत नाही. मोहरावरील भुरीस गंधक लागते. कागदी लिंबावरील खैऱ्या रोगास तांबे उपयोगी पडते, पण रोगट फांद्या छाटल्यावर. पावसाळी काकडी-पडवळावरील केवड्यास ते चालते. तेथेही मिश्रण निम्म्या ताकदीचे करावे, कारण या वेलींची पाने नाजूक.

अळवाची गोष्ट तर सांगण्याजोगी आहे. पावसाळ्यात अळवाच्या पानावर तपकिरी, वाढत जाणारी वर्तुळे दिसतात. लोक त्यावर मोरचूद मारतात. अळवावरचे पाणी ठरत नाही हे आपल्या भाषेने शतकांपूर्वी सांगून ठेवले आहे; तेथे फवारा कसा ठरावा? तो ओघळून खालच्या मातीत जातो. आणि जेवढा ठरतो, तेवढा ऋषिपंचमीच्या भाजीत आणि गणपतीच्या फतफत्यात आपल्याच ताटात येतो. अळवाचे डागाळलेले पान देठासकट कापून पुरून टाकावे, कंद अंतर राखून लावावेत, हाच घरगुती उपाय योग्य. नागवेलीच्या पानांसही हाच नियम : जे पान कच्चे तोंडात जाते, त्यावर तांबे उडवू नये.

शेवटी हिशेबाची बाब. इतर औषधे काही दिवसांत वा महिन्यांत विघटन पावतात. तांबे हे मूलद्रव्य आहे. त्याचे विघटन व्हावयाचे नाही. शंभर-दीडशे वर्षे बोर्डो मिश्रण फवारलेल्या युरोपातील द्राक्षमळ्यांच्या मातीत ते साचून राहिले आहे. म्हणून युरोपीय संघाने 2018 साली नियम केला की, सात वर्षांत मिळून हेक्टरी अठ्ठावीस किलोपेक्षा, म्हणजे सरासरीने वर्षास चार किलोपेक्षा, अधिक तांबे जमिनीस देऊ नये. हा नियम आपल्यावर बंधनकारक नाही. तरी मापदंड म्हणून त्याचा उपयोग करून पाहू. दोन गुंठ्यांच्या वाडीस या मापाने वर्षास सुमारे ऐंशी ग्रॅम तांबे येते. मोरचुदात सुमारे चौथा हिस्सा तांबे असते. म्हणजे दहा लिटर मिश्रणात पंचवीस ग्रॅम. वीस पोफळींस दर झाडी एक लिटर धरून दोन फवारण्या केल्या की शंभर ग्रॅम झाले. अर्थात नुसत्या पोफळींनीच मर्यादा ओलांडली! मग मिरची, झेंडू आणि जास्वंदीसाठी उरते काय? आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. आम्ल मातीत तांबे अधिक मोकळे होते आणि मुळांना व गांडुळांना अधिक बाधते. ज्या वाडीत गांडुळे दिसेनाशी झाली, तेथे केवळ शेणखताचा दोष शोधून भागणार नाही.

नैसर्गिक शेतीचे काही पुरस्कर्ते मोरचूदच नको म्हणतात. त्यांच्या भूमिकेचा मी आदर करतो. पण सेंद्रिय शेतीच्या नियमांतही तांब्यास मर्यादित स्थान आहे, आणि कोकणच्या आषाढात नुसत्या ताकाच्या शिंपणाने पोफळ वाचविल्याचे मी पाहिलेले नाही. उलट दुसरी मंडळी म्हणतात की आता झाडाच्या अंगात भिनणारी नवी औषधे आली असता या जुन्या निळ्या पाण्याचा आग्रह कशासाठी? त्यांचा उपयोग आहेच, विशेषतः रोग दिसू लागल्यावर. परंतु त्यांतील काहींना हे रोगजीव थोड्या वर्षांतच दाद देईनासे झाले, असा जगभरचा अनुभव आहे. तांब्यास मात्र या कुळाने इतक्या वर्षांत फारसे जुमानणे सोडलेले नाही. म्हणूनच ते जपून वापरले पाहिजे. वर्षातून दोनदा, पोफळीच्या घडांवर, वेळेवर. आणि बाकी वाडीत कोयता, कुदळ व झाडू.

एक सूचना राहिली. फवारणी संपल्यावर पंप धुतलेले निळे पाणी विहिरीच्या काठावर किंवा पऱ्ह्यात ओतण्याची सवय अनेक घरी आहे. तांबे माशांना अत्यंत विषारी आहे, आणि आपल्या वाड्यांतील प्रत्येक पऱ्ह्या अखेर वाशिष्ठीस मिळतो. मिश्रण लागेल तेवढेच करावे. तरीही उरले तर विहिरीपासून दूर, ज्या पोफळींवर फवारले त्यांच्याच शेंड्यांवर ते संपवावे. पंपाचे धुणेही तेथेच. मोरचुदाची उरलेली पुडी फळीवर मिठाच्या बरणीशेजारी न ठेवता, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे.